वडिलांचा आदर आणि वैद्याचा प्रश्न

दमा, मधुमेह, हृदयविकार, संधिवात हे शब्द आमच्या मध्यमवर्गीय घरांत आतां इतके रुळले आहेत कीं, घरांतील वडील माणसाच्या उशाशीं औषधांचा डबा नसला तरच पाहुण्यास नवल वाटावें. या रोगांची चर्चा जेवतांना होते, लग्नकार्यांत होते, आगगाडींत अनोळखी माणसाशींही होते. परंतु एक रोग असा आहे कीं, वृद्ध माणसाच्या संबंधांत त्याचें नांव उच्चारणें हाच अपराध मानला जातो. तो म्हणजे एच्. आय्. व्ही. नांवाच्या विषाणूपासून होणारा, आणि उपचार न झाल्यास एड्स या अवस्थेला पोंचणारा रोग. साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसाला हा रोग असूं शकेल ही कल्पना स्वतः रोग्याच्या मनांत येत नाहीं, मुलांच्या मनांत येत नाहीं, आणि वैद्याच्या मनांत आलीच तर फार उशिरां येते. हा उशीर कां होतो, आणि त्याला आम्ही जें सोज्ज्वळ नांव देतों, म्हणजे 'वडिलांचा आदर', तें त्याला शोभतें कीं नाहीं, एवढाच प्रश्न येथें घेण्याचा विचार आहे.

प्रथम रोगाची हकीकत थोडक्यांत सांगतों. ५ जून १९८१ रोजीं अमेरिकेंतील एका सरकारी वैद्यकीय साप्ताहिकांत लॉस एंजेलिस येथील पांच तरुणांच्या विलक्षण फुप्फुसदाहाची वार्ता आली. १९८३ मध्यें पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत रोगाचा विषाणू सांपडला. १९८६ मध्यें मद्रास येथें डॉ. सुनीति सॉलोमन व त्यांच्या विद्यार्थिनी यांनीं भारतांतील पहिले रुग्ण शोधून काढले. पहिल्या वार्तेंतील माणसें तरुण होतीं, आणि तेव्हांपासून या रोगाचें जें चित्र जगाच्या मनांत बसलें तें तरुणाचेंच. हा विषाणू रक्तांतील ज्या रक्षक पेशींवर घाला घालतो, त्यांना सी. डी. ४ पेशी म्हणतात. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्यें त्या साधारणतः पांचशेंहून अधिक असतात. त्या ३५० च्या खालीं उतरल्यावर निदान झालें तर वैद्यकांत त्याला उशिराचें निदान म्हणतात. २०० च्या खालीं उतरल्यावर झालें तर फारच उशिराचें. मधलीं आठ-दहा वर्षें रोगी बाहेरून धडधाकट दिसतो. उतारवयांत लागण झाली तर मात्र ही मुदत आंखूड होते, आणि औषध सुरू झाल्यावरही गेलेल्या पेशी तरुणाप्रमाणें झपाट्यानें भरून येत नाहींत. म्हणजे ज्याला निदान लवकर होण्याची गरज सर्वांत अधिक, त्याचेंच निदान सर्वांत उशिरां होतें. युरोपांतील ३१ देशांच्या २००४ ते २०१५ या काळांतील नोंदी एकत्र करून पाहिल्या गेल्या, तेव्हां पन्नाशी उलटलेल्या नव्या रोग्यांपैकीं निम्म्याहून अधिकांचें निदान या अर्थानें उशिराचें ठरलें. तरुणांत हें प्रमाण कमी होतें.

या उशिराचें एक कारण रोगाच्या लक्षणांतच आहे. वजन घटतें, तें वयानें घटतेंच. थकवा येतो, तोही वयाचाच. माणसांचीं नांवें आठवत नाहींत. म्हातारपण दुसरें काय! अंगावर नागीण उठते. ती वृद्धांना एरव्हींही उठते. जिभेवर पांढरा थर जमतो; कवळी लावणाऱ्याला आणि मधुमेह्याला तसा जमायचाच. प्रत्येक लक्षणाला वार्धक्य हें तयार उत्तर हजर असतें, आणि उत्तर हाताशीं असतां प्रश्न विचारण्याचे श्रम कोण घेणार? तरुणाचें वजन वर्षांत दहा किलोनें उतरलें तर वैद्य दचकतो. वृद्धाचें उतरलें तर तो कर्करोग शोधतो, आणि तो न सांपडल्यास 'वय झालें' असें म्हणून स्वस्थ बसतो.

तरुणांना हा रोग उघडकीस येण्याच्या वाटाही पुष्कळ आहेत. स्त्री गरोदर राहिली कीं तिचें रक्त तपासलें जातें. रक्तदान करणाऱ्याचें रक्त तपासलें जातें. वृद्ध मनुष्य या दोन्ही वाटांच्या पलीकडे गेलेला असतो. क्षयरोग निघाला तर आतां सरकारी नियमाप्रमाणें ही तपासणी होते, पण तोंवर बराच पल्ला मागें पडलेला असतो. आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. या रोगाचें देशोदेशींचें जें प्रमाण छापून येतें, तें 'प्रौढ लोकसंख्येंतील प्रमाण' म्हणून येतें, आणि या प्रौढांचें वय १५ ते ४९ असें धरलेलें असतें. अमेरिकेच्या आरोग्यखात्यानें २००६ मध्यें मोठ्या उदारपणें अशी शिफारस केली कीं, दवाखान्यांत येणाऱ्या प्रत्येकाची ही तपासणी सरसकट करावी. परंतु तिच्यांतही वय १३ ते ६४ असेंच घातलें. शास्त्रज्ञांनीं कोठें तरी रेघ ओढावीच लागते हें आम्हांस मान्य आहे. तरीही पासष्टाव्या वाढदिवशीं मनुष्य प्रौढांच्या यादींतून उठून कोणत्या यादींत जाऊन बसतो, हें त्या रेघेवरून समजत नाहीं.

दुसरें कारण आमच्या मनांत आहे, व तें अधिक खोल आहे. आमच्या साहित्यानें व संस्कारानें वृद्ध माणसाचीं दोनच चित्रें आम्हांस दिलीं. एक वानप्रस्थाचें. केस पिकले, नातवाचें तोंड पाहिलें, कीं देहाच्या साऱ्या हांका आपोआप शांत होतात आणि उरतो तो जपमाळेचा व आशीर्वादाचा अधिकारी. दुसरें चित्र भुजंगनाथाचें. देवलांचें 'संगीत शारदा' १८९९ मध्यें रंगभूमीवर आलें आणि त्यांतील म्हाताऱ्या नवरदेवाला महाराष्ट्र पोट धरधरून हंसला. तें हंसणें न्याय्य होतें. त्याच्यामागें कोवळ्या मुलींच्या जन्माचें वाटोळें होतें, आणि त्या हंसण्यानें समाजाचें हितच झालें. पण त्याचा एक अवशेष मागें राहिला. वृद्धाच्या ठायीं देहाची इच्छा दिसली कीं ती हास्यास्पद किंवा किळसवाणी ठरवावी, ही संवय लागून गेली. तिसरें चित्र आमच्यापाशीं नाहींच. बायको गेल्यावर दहा वर्षें रात्ररात्र जागून काढणाऱ्या, आणि केव्हां तरी कोणाच्या तरी सोबतीला गेलेल्या साध्या, लाजऱ्या माणसाचें चित्र आमच्यापाशीं नाहीं. नवऱ्याबरोबर अजून संसार करणाऱ्या साठीच्या स्त्रीचें तर त्याहून नाहीं.

महाभारतकार आमच्याहून धीट होते. ययातीची कथा सर्वांस ठाऊक आहे. पण प्रस्तुत विषयांत आम्हांस शंतनूची कथा अधिक जवळची वाटते. सत्यवतीला पाहिल्यापासून राजा झुरणीस लागतो. देवव्रत कारण विचारतो. बाप आडवळणानें बोलतो. एकच पुत्र असणें म्हणजे पुत्र नसल्यासारखेंच, असें कांहीं तरी सांगून खरी गोष्ट टाळतो. मुलगा तेवढ्यावर समाधान मानून परत फिरत नाहीं. तो वृद्ध अमात्याकडे जाऊन खरें कारण काढून घेतो. पुढील प्रतिज्ञा प्रसिद्धच आहे, आणि ती करावयास हवी होती कीं नाहीं हा वाद निराळा. येथें पाहण्याची गोष्ट एवढीच कीं, पित्याच्या देहाला अजून इच्छा आहे हें कळल्यानें देवव्रताचा आदर तिळभरही उणा झाला नाहीं. त्याचा आदर पित्याच्या ठायीं होता. पित्याच्या चित्रावर तो टांगलेला नव्हता.

आमचा आदर बहुधा चित्रावरच टांगलेला असतो, आणि सारी अडचण तेथून सुरू होते. घरांतील वडील माणसाला आम्ही निर्विकार मानतों, आणि त्याबद्दल त्याला मान देतों. तो मान सशर्त आहे हें आम्हांस कळत नसलें तरी त्याला पक्कें कळतें. चित्राला तडा गेला तर मान जाईल, जेवणाच्या पंक्तींतील आपलें पान जाईल, नातवंडांना आपल्या मांडीवरून उठवून नेलें जाईल, हें तो जाणून असतो. मग तो गप्प बसतो. तो गप्प बसला कीं त्याच्यापाशीं सांगण्यासारखें कांहीं नव्हतेंच, असें आम्ही धरून चालतों. अशा रीतीनें आदर मौनाला जन्म देतो, आणि तें मौन पुन्हां आदराचा पुरावा म्हणून दाखविलें जातें.

वैद्यही याच घरांतून आलेला असतो. तीस वर्षांचा डॉक्टर सत्तरीच्या माणसाला 'आजोबा, काय होतंय?' असें विचारतो. संबोधन प्रेमळ आहे. पण ज्या क्षणीं त्यानें 'आजोबा' म्हटलें त्या क्षणीं पुढचा एक प्रश्न विचारण्याचा मार्ग त्यानें स्वतःच बंद करून घेतला. नातवानें आजोबांस तें कसें विचारावें? कचेरींतील माणसाप्रमाणें त्यानें 'साहेब' म्हटलें असतें तर कदाचित् विचारूं शकला असता. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण मौनाच्या भिंती अशाच लहान विटांच्या बांधलेल्या असतात. र. धों. कर्वे यांनीं जुलै १९२७ मध्यें 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलें आणि १९५३ पर्यंत, न्यायालयाच्या पायऱ्या चढत, तें चालविलें. शंभर वर्षें होत आलीं, तरी ज्या रोगांविषयीं ते मोकळेपणानें लिहीत, त्यांना आम्ही अजून 'गुप्तरोग' असेंच म्हणतों. रोगाच्या नांवांतच लपविण्याची आज्ञा घालून ठेवणारी आमची भाषा याबाबतींत मोठी धोरणी म्हटली पाहिजे.

येथें कोणी म्हणेल कीं, हें सारें खरें असलें तरी त्याची गरज काय? माणसाचें वय पंचाहत्तर. कशानें ना कशानें त्याला जावयाचेंच आहे. तो छातीच्या विकारानें सुखानें जात असेल तर शेवटच्या दिवसांत ही अब्रूची राख त्याच्या डोक्यांत कां घालावी? हा आक्षेप निर्दयतेनें घेतलेला नसतो, बहुधा प्रेमानेंच घेतलेला असतो. म्हणून त्याला नीट उत्तर दिलें पाहिजे. एक तर या रोगानें सुखानें कोणी जात नाहीं. दुसरें, आतां हा मरणाचा रोग राहिलेला नाहीं. आपल्या देशांत १ एप्रिल २००४ पासून त्याचें औषध सरकारी केंद्रांतून फुकट मिळूं लागलें, आणि २०१७ पासून पेशींची संख्या किती उतरली याची वाट न पाहतां निदान होतांच औषध सुरू करण्याचें धोरण आहे. पुष्कळांना दिवसाकांठीं एक गोळी पुरते. नियमित औषधानें रक्तांतील विषाणू मोजतां न येण्याइतका कमी झाला आणि तसाच राहिला, म्हणजे शरीरसंबंधांतून तो दुसऱ्यास लागत नाहीं, हेंही आतां सिद्ध झालेलें आहे. मधुमेह्याच्या साखरेविषयीं 'आतां पंचाहत्तरीला काय तपासायचें' असें कोणी म्हणत नाहीं. म्हणजे आक्षेप वयाचा नसून अब्रूचा आहे. वयाचें नांव पुढें करून आम्ही त्याची अब्रू, आणि तिच्या आड आपली स्वतःची, झांकीत असतों.

परंतु त्याच आक्षेपाचें दुसरें एक रूप आहे, आणि त्याच्यापुढें इतक्या सहज सुटका होत नाहीं. पुढील प्रसंगाची कल्पना करावी. अडुसष्ट वर्षांची एक विधवा आहे. पतीला जाऊन आठ वर्षें झालीं. तो छातीच्या रोगानें गेला असें सर्वांस ठाऊक आहे. तिनें त्याचें शेवटचें दुखणें काढलें, त्याचा फोटो देवघराशेजारीं लावला, दरवर्षीं त्याचें श्राद्ध मुलाकडून करविलें. आतां ती स्वतः खंगत चालली आहे, आणि एक दिवस तिच्या हातांत तपासणीचा कागद येतो. त्या कागदानें तिला काय दिलें? जगण्याची संधि दिली, हें निर्विवाद. पण त्याच कागदानें तिच्या चाळीस वर्षांच्या संसारावर नवा अर्थ लादला. आतां भिंतीवरच्या त्या फोटोकडे तिनें कोणत्या नजरेनें पाहावें? ज्यास जाब विचारावयाचा तो हयात नाहीं. ज्यापाशीं रडावयाचें तोही तोच होता. तरुण स्त्रीवर असा घाला पडला तर निदान पुढें आयुष्य असतें, नवा अर्थ उभारावयास अवकाश असतो. वृद्धेचा बहुतेक सारा ठेवा मागें असतो, आणि तोच तिच्या हातून हिसकला जातो. वृद्धाला सत्य सांगण्याची किंमत तरुणाहून अधिक पडते ती अशी. जे लोक मोठ्या आवाजांत 'सत्य सांगितलेंच पाहिजे' असें म्हणतात त्यांनीं या बाईच्या समोर दोन घटका बसून मग तें म्हणावें.

तरीही सांगितलें पाहिजे असेंच आमचें मत आहे. मात्र काय सांगावयाचें याविषयीं वैद्यानें फार जपलें पाहिजे. रक्ताची तपासणी एवढेंच सांगते कीं, विषाणू या देहांत आहे. तो केव्हां आला, कोठून आला, कोणी आणला, हें ती सांगत नाहीं. आम्ही मात्र तो कागद वाचतांच खटला उभा करतों, साक्षी तपासतों आणि निकाल देतों. मुलगा म्हणतो, बाबांच्या हातून तरुणपणीं कधीं तरी कांहीं घडलें असेल; आणि त्यांतच समाधान शोधतो, कारण तरुणपणाच्या चुकीला आमच्याकडे क्षमा आहे. पण उपचाराविना हा रोग साधारणतः दहा वर्षांत आपलें रूप दाखवितो, म्हणून सत्तरीला निघालेला रोग विशीचा असण्याचा संभव फार थोडा. हें ऐकून मुलाचें समाधान जातें आणि संताप येतो. परंतु हा संतापही घाईचा आहे. दहा वर्षें ही सरासरी आहे. कांहींना दोन वर्षांत रोग गांठतो, कांहीं थोडे वीस वर्षें ताठ चालतात. सरासरीला एखाद्या माणसाविरुद्ध साक्ष देण्याचा अधिकार नाहीं.

शिवाय रोग येण्याचा मार्ग एकच नसतो. कंबोडियांत बट्टंबांग प्रांतामध्यें रोका नांवाचें एक खेडें आहे. २०१४ च्या अखेरीस तेथील ७४ वर्षांच्या एका वृद्धाच्या रक्तांत हा विषाणू निघाला. त्यानें आपल्या घरच्यांचीं रक्तें तपासून घेतलीं, तेव्हां नात आणि जांवई यांच्याही रक्तांत तो सांपडला. मग गांवच तपासणीला लोटला, आणि दोनशेंहून अधिक माणसें बाधित निघालीं. त्यांत तान्हीं मुलें होतीं, ऐंशी ओलांडलेले वृद्ध होते. कारण निघालें तें असें: गांवांतील एक बिनपरवान्याचा वैद्य एकाच सुईनें अनेकांना टोंचीत असे. पुढें २०१५ मध्यें त्याला पंचवीस वर्षांची शिक्षा झाली. आपल्याकडे उत्तर प्रदेशांत उन्नाव जिल्ह्यांतील बांगरमऊ येथें २०१८ मध्यें असाच प्रकार उघडकीस आला. रोका येथील गोष्टीचा आम्ही वारंवार विचार करतों. त्या वृद्धाच्या बाबतींत कोणी 'या वयांत हें कसें शक्य आहे' असें म्हणून तपासणी टाळली असती, तर गांवाच्या नाशाचें कारण आणखी कित्येक महिने झांकलेलें राहिलें असतें. आणि कोणी त्याला पापी ठरवून गप्प केलें असतें, तरी तेंच झालें असतें. आदर आणि तिरस्कार या दोहोंचा परिणाम तेथें एकच झाला असता. म्हणून त्या विधवेला वैद्यानें इतकें तरी स्पष्ट सांगावें कीं, हा कागद तुमच्या पतीविरुद्ध पुरावा नाहीं. तिला याउपर कांहीं ठाऊक असेल, किंवा ती पुढें कांहीं ठरवील, तर तो तिचा प्रश्न. वैद्याचा नव्हे आणि मुलांचा तर नव्हेच.

मुलांचा विषय निघालाच आहे, तर तोही उरकून घेऊं. आमच्या घरांत म्हाताऱ्या माणसाचा तपासणीचा कागद त्याच्या हातीं क्वचित् पडतो. तो मुलाच्या हातीं पडतो, कारण पैसे मुलानें भरलेले असतात, मोटार मुलानें आणलेली असते, आणि इंग्रजी मुलाला येतें. डॉक्टर मुलाशींच बोलतो. म्हातारा मधल्या खुर्चीवर बसून दोघांच्या तोंडांकडे पाळीपाळीनें पाहतो. साखरेच्या बाबतींत हें चालून जातें. या रोगाच्या बाबतींत चालणार नाहीं. २०१७ मध्यें संसदेनें केलेल्या आणि १० सप्टेंबर २०१८ पासून अमलांत आलेल्या कायद्यानें तपासणीपूर्वीं त्या माणसाची समजून-उमजून दिलेली संमति आवश्यक ठरविली आहे आणि निकाल गुप्त राखण्याचें बंधन घातलें आहे. त्यांत पासष्टाच्या पुढच्यांना वगळलेलें नाहीं. कायदा बाजूला ठेवला तरी नीति काय सांगते? मुलगा म्हणेल, 'मी त्यांचें सर्व करतों, मला कळावयास नको?' हा हक्क नात्यानें येतो अशी त्याची समजूत आहे. आम्हांस वाटतें कीं, येथें जाणण्याचा हक्क धोक्यानें येतो, नात्यानें येत नाहीं. एका घरांत राहिल्यानें, एका ताटांत जेवल्यानें, सेवा केल्यानें हा रोग लागत नाहीं. म्हणून मुलाला, सुनेला, नातवाला त्या रहस्यावर हक्क सांगतां येत नाहीं. पत्नीची किंवा पतीची गोष्ट निराळी. तिच्या देहाला धोका पोंचलेला असूं शकतो, आणि तिची तपासणी लांबविणें म्हणजे तिच्या आयुष्यावर आपल्या लाजेचा भार टाकणें आहे. कायद्यानेंही येथें वाट ठेवली आहे. रोग्याला आधीं समजावावें. तो स्वतः सांगत नाहीं अशी खात्री झाली, तर त्याला तशी पूर्वसूचना देऊन वैद्यानें त्याच्या जोडीदारास समक्ष सांगावें. मात्र बाधित व्यक्ति स्त्री असेल आणि ही गोष्ट कळल्यास तिला मारहाण होईल किंवा घराबाहेर काढलें जाईल असें भय असेल, तर सांगूं नये. हा अपवाद ज्यानें लिहिला त्याला आपलीं घरें चांगलीं ठाऊक असलीं पाहिजेत.

आतां उपाय. तो आम्हांस फारसा गहन वाटत नाहीं. वैद्यानें सर्वांना विचारावें. निवडून विचारण्यांत संशय आहे, म्हणूनच त्यांत अपमान आहे. 'तुमच्या चेहऱ्यावरून मला शंका येते' असें त्या निवडीचें भाषांतर रोगी करतो, आणि तें चुकीचें नसतें. सर्वांनाच विचारलें म्हणजे कोणावरच संशय घेतल्यासारखें होत नाहीं. रक्तदाब मोजण्यापूर्वीं वैद्य माणसाचें चारित्र्य पाहत नाहीं. त्याच पंक्तींत ही तपासणी बसविली पाहिजे, आणि तिला वयाची वरची मर्यादा असतां कामा नये.

पण येथें एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. आमच्याकडे मोतीबिंदूच्या किंवा हर्नियाच्या शस्त्रक्रियेपूर्वीं ही तपासणी पुष्कळ ठिकाणीं होतेच, आणि पुष्कळ वृद्धांना आपला रोग अशा वाटेवरच प्रथम भेटतो. ही तपासणी रोग्याच्या हितासाठीं नसून शस्त्र धरणाऱ्याच्या संरक्षणासाठीं असते. रोग्याला कोणी विचारलेलें नसतें. दहा कागदांपैकीं एकावर त्याची सही घेतलेली असते. मग एक दिवस शस्त्रक्रिया 'तूर्त पुढें ढकलली' असें सांगण्यांत येतें, परिचारिकांचे आवाज खालीं येतात, आणि मुलाला आंतल्या खोलींत बोलावलें जातें. म्हातारा बाहेर बांकावर बसून राहतो, आपल्या डोळ्यांत असें काय निघालें याचा विचार करीत. याला विचारणें म्हणतां येणार नाहीं. विचारणें म्हणजे समोर बसवून, दार लावून, मुलाला बाहेर थांबवून, या माणसाला अजून स्वतःचें आयुष्य आहे असें गृहीत धरून बोलणें. तसें बोलावयास दहा मिनिटें लागतात. आमच्या दवाखान्यांतील गर्दी पाहतां दहा मिनिटें ही फार मोठी मागणी आहे याची आम्हांस जाणीव आहे. परंतु रोगाच्या शेवटच्या अवस्थेंत त्याच माणसाला जे महिने खाटेवर काढावे लागतात, त्यांचाही हिशेब कोठें तरी मांडला पाहिजे.

आणि इतकें विचारूनही एखादा नाहीं म्हणेल. शहात्तर वर्षांचा गृहस्थ खुर्चींत ताठ बसून, 'डॉक्टर, मला तें जाणून घ्यावयाचें नाहीं,' असें सांगेल. त्याची पत्नी वारली असेल, त्याच्यापासून कोणास धोका नसेल, आणि आपण कशाला नकार देत आहों हें त्याला पुरतें समजलेलें असेल. तेथें कायदा थांबतो, आणि आमच्या मतें नीतीनेंही थांबावें. न विचारल्यामुळें अज्ञानांत राहिलेला वृद्ध आणि विचारल्यावर अज्ञान पत्करणारा वृद्ध, हे दोघे कदाचित् एकाच रोगानें एकाच महिन्यांत जातील. पण पहिल्याच्या वतीनें इतरांनीं निर्णय घेतला होता आणि दुसऱ्यानें तो स्वतः घेतला. वैद्यानें त्याच्या कागदावर 'नकार' एवढें लिहावें, खोकल्याचें औषध द्यावें, आणि पुढच्या महिन्यांत तो आला म्हणजे साखरेची चौकशी करतां करतां तोच प्रश्न, त्याच आवाजांत, पुन्हां एकदां विचारावा.